काय काढावे, काय ठेवावे : अभियंता एडवर्ड कोल यांचे चरित्र



आपल्या पत्रिकेच्या या सदरात आम्ही आजवर संत, समाजसुधारक, शास्त्रज्ञ आणि खेळाडू यांची ओळख करून दिली. या वेळी आम्ही मोटारीचे इंजिन तयार करणाऱ्या एका अभियंत्याचे चरित्र सांगणार आहोत. यामागे कारणही तसेच आहे. वह्या तपासताना मागच्या पानांवर वेगवान मोटारींची सुरेख चित्रे आम्हाला नेहमी आढळतात. कॉर्व्हेट, कॅमॅरो ही नावे आमच्या विद्यार्थ्यांना पाठ आहेत. परंतु या मोटारींच्या पोटात जे इंजिन होते, ते कोणाच्या देखरेखीखाली जन्माला आले, हे विचारले तर वर्गात शांतता पसरते. त्या व्यक्तीचे नाव एडवर्ड निकोलस कोल. अमेरिकेत त्यांना सर्वजण एड कोल म्हणून ओळखत.

हे चरित्र केवळ यशाचे नाही. यात एक मोठे यश आहे, एक मोठी चूक आहे आणि चुकीनंतर केलेले एक मोठे कामही आहे. म्हणूनच ते आपल्या पत्रिकेत यावे असे आम्हाला वाटले.

बालपण व शिक्षण

कोल यांचा जन्म १७ सप्टेंबर १९०९ रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील एका लहान गावी झाला. त्या गावाचे नाव तेव्हा बर्लिन होते. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, ते बदलून मार्न असे ठेवण्यात आले. वडील दुग्धव्यवसाय करणारे शेतकरी. घरात गाईगुरे, दूधदुभते आणि भरपूर कष्ट. या मुलाचे मन मात्र यंत्रांत रमे. लहान वयातच तो स्वतः रेडिओ संच जुळवून विकू लागला. थोडा मोठा झाल्यावर त्याने ट्रॅक्टर बनवणाऱ्या एका कंपनीसाठी काम केले.

आश्चर्य म्हणजे त्यांना व्हायचे होते वकील. त्यासाठी त्यांनी ग्रँड रॅपिड्स येथील महाविद्यालयात प्रवेशही घेतला. खर्च भागवण्यासाठी मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात ते काही तास नोकरी करत. त्या दुकानाने त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. वकिलीचा विचार सोडून ते फ्लिंट शहरातील जनरल मोटर्स इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले.

या संस्थेची पद्धत आपण नीट समजून घेतली पाहिजे. तेथे विद्यार्थी काही आठवडे वर्गात शिकत आणि काही आठवडे कारखान्यात प्रत्यक्ष काम करत. सकाळी फळ्यावर पाहिलेले सूत्र पुढे कधीतरी हाताला लागलेल्या ग्रीससह समजे. कोल यांना कॅडिलॅक या कंपनीने पाठवले होते. त्यांचे काम पाहून शिक्षणक्रम पूर्ण होण्याआधीच कॅडिलॅकने त्यांना आपल्या अभियांत्रिकी विभागात घेतले.

दुसऱ्या महायुद्धात कॅडिलॅकने मोटारी बनवणे थांबवून लष्करासाठी हलके रणगाडे बनवले. त्या रणगाड्यांत मोटारीचीच दोन इंजिने बसवलेली असत. या कामात कोल यांचा मोठा वाटा होता. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, ते कॅडिलॅकचे मुख्य अभियंता झाले. १९४९ च्या मॉडेलसाठी कॅडिलॅकने नवे आठ सिलिंडरचे इंजिन आणले, ते त्यांच्याच काळातले. जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असत. नव्या इंजिनात ते वर, डोक्यावर नेले. त्यामुळे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सरळ आत येऊ लागले. इंजिन जुन्याहून आकाराने लहान आणि वजनाने हलके होते, तरी त्याची शक्ती जास्त होती. पुढे कोरियातील युद्धाच्या वेळी क्लीव्हलँड येथील रणगाड्यांचा कारखानाही कोल यांनी सांभाळला.

शेव्हरोलेची अडचण

१९५२ मध्ये कोल यांना शेव्हरोले विभागाचे मुख्य अभियंता करण्यात आले. शेव्हरोले ही सामान्य माणसाची मोटार. शिक्षक, शेतकरी, दुकानदार यांना परवडणारी. ती खपत भरपूर होती, पण तिच्यात सहा सिलिंडरचे, १९२९ पासून चालत आलेल्या धाटणीचे इंजिन होते. ते भरवशाचे होते, पण मंद. शेजारच्या फोर्ड कंपनीने मात्र १९३२ पासूनच स्वस्त मोटारीत आठ सिलिंडरचे इंजिन दिलेले होते. त्यामुळे तरुण मंडळी फोर्डकडे वळत आणि शेव्हरोले म्हणजे वडीलधाऱ्यांची मोटार असा समज झाला होता.

कोल तेथे आले तेव्हा एका आठ सिलिंडरच्या इंजिनाचा आराखडा तयार होता. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि नव्याने सुरुवात केली. कॅडिलॅकमधील आपले सहकारी हॅरी बार यांना त्यांनी सोबत घेतले. विभागातील अभियांत्रिकी कर्मचाऱ्यांची संख्या सुमारे ८५० वरून २९०० पर्यंत वाढवली. नव्या इंजिनाची आखणी अवघ्या पंधरा आठवड्यांत पूर्ण झाली असे सांगितले जाते.

इंजिनाची रचना

आता हे इंजिन काय होते ते पाहू. त्यात आठ सिलिंडर, चार-चारच्या दोन ओळींत, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात मांडलेले होते. एकूण घनफळ २६५ क्यूबिक इंच, म्हणजे सुमारे ४.३ लिटर. आपल्याकडे एकेकाळी घरोघरी दिसणाऱ्या मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे होते, यावरून अंदाज यावा. मात्र अमेरिकेच्या मानाने हे इंजिन लहानच होते. पुढे मोठ्या आकाराची इंजिने आल्यावर याला स्मॉल ब्लॉक असे नाव पडले.

प्रत्येक सिलिंडरची रुंदी ३.७५ इंच आणि पिस्टनची धाव केवळ ३ इंच. धाव लहान असल्यामुळे पिस्टन भराभर वरखाली होऊ शकत आणि इंजिन अधिक फेरे घेऊ शके.

परंतु खरी कमाल होती ती काढून टाकण्यात. कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक भागाकडे एकच प्रश्न घेऊन पाहिले. याची गरज आहे का? व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर आर्म पूर्वी एका लांब दांड्यावर ओवलेले असत आणि त्यांना बारीक यंत्रकाम लागे. पाँटिअ‍ॅक विभागातील क्लेटन लीच या अभियंत्याने सुचवलेली पद्धत येथे वापरली. प्रत्येक रॉकर पोलादी पत्र्यातून दाबून काढायचा आणि एका लहान गोल टेकूवर डोलता ठेवायचा. दांडा गेला, वजन गेले, खर्चही गेला. ढकलणाऱ्या कांड्या पोकळ केल्या आणि त्यांच्यातूनच तेल वर पाठवले, म्हणून तेलाच्या वेगळ्या वाटा कमी झाल्या. इंजिनाच्या मध्यभागी झाकण म्हणून वेगळा भाग लागे. ते काम हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डकडेच सोपवले. डाव्या आणि उजव्या बाजूचे सिलिंडर हेड एकाच साच्यातले ठेवले, म्हणजे एक दुसऱ्याच्या जागी बसे. ओतकामातही सुधारणा करून लोखंडाच्या भिंती पातळ केल्या.

परिणाम असा झाला की, आठ सिलिंडरचे हे नवे इंजिन जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षा सुमारे ४० पौंड, म्हणजे १८ किलो, हलके भरले. १९५५ च्या मॉडेलसाठी ते बाजारात आले. साध्या रूपात त्याची शक्ती १६२ अश्वशक्ती होती आणि चार तोंडांचा कार्बुरेटर बसवल्यास १८०.

मित्रांनो, काढून टाकण्याच्या उत्साहात एक गोष्ट जास्तच काढली गेली. पहिल्या वर्षी इंजिनाच्या ब्लॉकमध्ये तेल गाळणाऱ्या फिल्टरसाठी जागाच ठेवलेली नव्हती. १९५६ पासून ती देण्यात आली. ही चूक लहान होती आणि लगेच सुधारली गेली. पण ती लक्षात ठेवा, कारण पुढे आपल्याला तिची आठवण येणार आहे.

कीर्तीचा काळ

शेव्हरोलेची कॉर्व्हेट ही दोन आसनी मोटार १९५३ मध्ये आली तेव्हा तिच्यातही सहा सिलिंडरचेच इंजिन होते आणि ती बंद पडण्याची चिन्हे होती. नव्या इंजिनाने तिला जीवदान दिले. झोरा आर्कस-डुंटोव्ह हे ब्रुसेल्स येथे जन्मलेले रशियन वंशाचे अभियंते शेव्हरोलेमध्ये आले होते. तरुणांना हे इंजिन हवे आहे आणि त्याला वेगासाठी लागणारे भाग कंपनीनेच पुरवले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. सप्टेंबर १९५५ मध्ये त्यांनी या इंजिनाची शेव्हरोले मोटार कोलोरॅडोतील पाइक्स पीक या डोंगराच्या घाटरस्त्याने १७ मिनिटे २४ सेकंदांत शिखरावर नेली आणि आपल्या वर्गातील विक्रम मोडला.

१९५७ मध्ये इंजिनाचे घनफळ २८३ क्यूबिक इंच झाले. पेट्रोल फवारणाऱ्या नव्या यंत्रणेसह त्याने २८३ अश्वशक्ती दिली, म्हणजे एका क्यूबिक इंचाला एक अश्वशक्ती. पुढे १९६२ मध्ये ३२७ आणि १९६७ मध्ये ३५० क्यूबिक इंचाची रूपे आली. बाहेरून आकार जवळजवळ तोच राहिल्याने एका रूपाचे भाग दुसऱ्याला बसत. भंगारातून इंजिन आणावे, अंगणात खोलावे, दुरुस्त करावे आणि जुन्या मोटारीत बसवावे, असा अमेरिकेतील हजारो तरुणांचा छंदच झाला. महाग इंजिने पुष्कळ होती. पण हे सामान्य घरातील मुलाच्या हाती येणारे इंजिन होते. म्हणूनच ते इतके लोकप्रिय झाले.

कोल यांचीही भराभर बढती झाली. १९५६ मध्ये ते शेव्हरोले विभागाचे प्रमुख झाले. ऑक्टोबर १९५९ मध्ये टाइम या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले. त्या वेळी ते पन्नास वर्षांचे होते.

कॉर्व्हेअरची चूक

टाइमच्या मुखपृष्ठावर त्यांच्यासोबत जी मोटार होती तिचे नाव कॉर्व्हेअर. ही कोल यांची लाडकी कल्पना. इंजिन मागे, ॲल्युमिनियमचे, हवेने थंड होणारे. अमेरिकेत अशी मोटार कोणी मोठ्या प्रमाणावर बनवली नव्हती. परंतु मागे जड इंजिन आणि मागच्या चाकांची विशिष्ट जोडणी यांमुळे वेगात वळण घेताना ही मोटार अचानक मागून घसरू शके. हा धोका कमी करण्यासाठी पुढच्या बाजूला एक पोलादी दांडी, म्हणजे अँटी-रोल बार, देता आली असती. खर्च वाचवण्यासाठी ती वगळण्यात आली. त्याऐवजी पुढच्या टायरांत हवा कमी आणि मागच्या टायरांत जास्त ठेवावी असे ठरले. किती मालक ही सूचना काटेकोर पाळणार होते?

अपघात झाले, कोर्टात दावे दाखल झाले. १९६४ च्या मॉडेलमध्ये ती दांडी देण्यात आली आणि १९६५ मध्ये मागच्या चाकांची जोडणीच बदलली. पण तोवर उशीर झाला होता. १९६५ च्या अखेरीस राल्फ नेडर या तरुण वकिलाचे मोटारींच्या असुरक्षिततेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याचे पहिलेच प्रकरण कॉर्व्हेअरवर होते. कंपनीने नेडर यांच्यामागे गुप्तहेर लावले. हे उघडकीस आल्यावर १९६६ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत मोटार सुरक्षेचा कायदा झाला. १९६९ मध्ये कॉर्व्हेअर बंद पडली.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, १९७२ मध्ये सरकारी तपासणीत ही मोटार त्या काळातील तशाच इतर मोटारींपेक्षा वाईट नव्हती असा निष्कर्ष निघाला. तरीही वगळलेल्या त्या दांडीचा प्रश्न उरतोच. इंजिनातून अनावश्यक भाग काढणारी सवय तीच होती. परंतु रॉकरचा दांडा काढला तेव्हा त्याचे काम दुसऱ्या भागाने केले. येथे ते काम मोटार चालवणाऱ्यावर टाकले गेले. आम्हाला वाटते, या दोहोंतला फरक अभियांत्रिकी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने समजून घ्यावा.

शिसे काढण्याचा निर्णय

१९६७ मध्ये कोल जनरल मोटर्स कंपनीचे अध्यक्ष झाले. तोपर्यंत अमेरिकेतील शहरांवर धुराचे आवरण पसरू लागले होते. शक्तिमान इंजिनात मिश्रण अधिक दाबले जाते. साधे पेट्रोल इतका दाब सहन करत नाही, ते अवेळी पेटते आणि इंजिनातून ठोके ऐकू येतात. यावर उपाय म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळत. हा उपाय १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्याच प्रयोगशाळेत सापडला होता. वेगवान इंजिनांची सारी कीर्ती या शिशावर उभी होती. पण शिसे विष आहे. धुरातून ते हवेत मिसळते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला सर्वाधिक अपाय करते.

१९७० च्या सुरुवातीस कोल यांनी जाहीर केले की, कंपनीच्या १९७१ च्या मोटारी शिसे नसलेल्या पेट्रोलवर चालतील. याचा अर्थ इंजिनातील दाब कमी करणे, म्हणजेच शक्ती कमी करणे. ज्या माणसाने आयुष्यभर इंजिनाची शक्ती वाढवली, त्यानेच ती उतरवण्याची आज्ञा दिली. त्याच वर्षी अमेरिकेत हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला. मोटार कंपन्यांनी, कोल यांच्या कंपनीसह, मुदतवाढ मागितली आणि १९७३ मध्ये एका वर्षाची मिळालीही. तेव्हा सर्व श्रेय त्यांना देणे योग्य होणार नाही. परंतु धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कंपनीच्या १९७५ च्या मोटारींत आले, ते त्यांच्या आग्रहाचे फळ मानले जाते. या उपकरणात प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळ थर असतो. त्यावरून जाताना विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन यांचे कार्बन डायऑक्साइड व पाणी होते. शिशाचा लेप बसला की हा थर निकामी होतो. म्हणून कन्व्हर्टर आला की पेट्रोलमधून शिसे जाणे भागच होते.

१९७५ च्या कॉर्व्हेटमधील मूळ इंजिनाची शक्ती फक्त १६५ अश्वशक्ती राहिली. शक्ती मोजण्याची पद्धत १९७२ मध्ये बदलली होती, हे त्याचे एक कारण. तरीही वेगाच्या चाहत्यांना वाईट वाटले यात शंका नाही.

याच काळात अपघातात प्रवाशांना वाचवणाऱ्या एअरबॅगचाही कोल यांनी पुरस्कार केला. १९७४ ते १९७६ या काळात कंपनीने अशा सुमारे दहा हजार मोटारी विकल्या. कॉर्व्हेअरने त्यांना काही शिकवले असावे असे आम्हाला वाटते.

अखेर व वारसा

सप्टेंबर १९७४ मध्ये कोल निवृत्त झाले, पण स्वस्थ बसले नाहीत. टॅक्सी बनवणाऱ्या चेकर मोटर्स या कंपनीचे काम त्यांनी हाती घेतले. ते स्वतः विमान चालवत. २ मे १९७७ रोजी खराब हवामानात मिशिगनमध्ये त्यांचे विमान कोसळले आणि ६७ व्या वर्षी त्यांचा अंत झाला.

त्यांचे इंजिन मात्र चालत राहिले. त्याच्या नव्या पिढ्या आल्या, पण शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यांतील ४.४ इंचाचे अंतर तेच राहिले. नोव्हेंबर २०११ मध्ये या घराण्यातील दहा कोटीवे इंजिन तयार झाले.

शिशाची गोष्टही पुढे चालू राहिली आणि ती आपल्या दारापर्यंत आली. भारतात १९९५ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या महानगरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. १ फेब्रुवारी २००० पासून संपूर्ण देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जगातून ते २०२१ मध्ये हद्दपार झाले. आज आमच्या शाळेच्या फाटकासमोर रिक्षा आणि स्कूटरींची कितीही गर्दी असो, आमच्या मुलांच्या श्वासात पेट्रोलचे शिसे जात नाही. त्यांच्या आईवडिलांच्या लहानपणी ते जात होते.

पालकांना आमची विनंती आहे की, मुलाने किंवा मुलीने घरातील जुना रेडिओ अथवा मिक्सर खोलला तर लगेच रागावू नये. विजेची पिन काढलेली आहे ना, एवढे पाहावे आणि शेजारी बसावे. विश्वस्त मंडळींना विनंती की, पुस्तकांच्या कपाटाइतकेच हत्यारांच्या कपाटाकडेही लक्ष असू द्यावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही जेव्हा काही बनवाल, तेव्हा जे अनावश्यक आहे ते धीटपणे काढा. पण एखादी वस्तू काढण्यापूर्वी, तिचे काम आता कोण करणार आणि त्याची किंमत कोण मोजणार, हे स्वतःला जरूर विचारा.